५१९८ फटी आणि मामांचं कात्रण

गेल्या दिवाळीत वाशिमला मामांकडे गेलो होतो. मामींनी कपाट आवरायला काढलं होतं आणि मामांच्या जुन्या फायली ओसरीवर येऊन पडल्या होत्या. मामा एका शाळेत हेडक्लार्क होते (शाळेचं नाव सांगत नाही, कारण पुढे कळेलच), त्यामुळे त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीची फाइल आहे. विजेच्या बिलांची आहे, लग्नपत्रिकांची आहे, तशी वर्तमानपत्रांच्या कात्रणांचीही आहे. त्यातच ते सापडलं. जानेवारी २००६ चं, पिवळं पडलेलं, दोन बोटांएवढं कात्रण. मथळा साधारण असा : विंडोजपेक्षा लिनक्स तिप्पट असुरक्षित, अमेरिकी सरकारचा अहवाल.

या कात्रणाला मी ओळखतो. आमची जुनी दुश्मनी आहे.

घरच्या मंडळींना ही गोष्ट माहीत आहे, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील. तर झालं असं, की २००५ च्या पावसाळ्यात पुण्याच्या एका कंपनीने मोडीत काढलेले आठ संगणक मी मामांच्या शाळेसाठी मिळवले. ट्रॅव्हल्सच्या डिकीत घालून रिसोड तालुक्यातल्या त्या गावी नेले. विंडोजचा परवाना घ्यायला शाळेकडे पैसे नव्हते आणि चोरीची सीडी वापरायची नाही असं मी बाणेदारपणे ठरवलं होतं. म्हणून आठही यंत्रांवर लिनक्स चढवलं. तेव्हा भारनियमन असं की वीज यायची ती रात्री. दोन शनिवार-रविवार मी तिथे जागून काढले. नववीच्या दोन-तीन मुली होत्या, त्यांनी तर महिन्याभरात मला न येणाऱ्या गोष्टी शोधून काढल्या होत्या.

जानेवारीत मामांचा फोन आला. "अबे, थे तू बसवलेलं लिनक्स-फिनक्स लय धोक्याचं हाय म्हनते. पेपरात आलं. मीटिंगमधी साऱ्याइनं वाचलं." मी पुण्याहून फोनवर तावातावाने भांडलो. उपयोग शून्य. फेब्रुवारीत कोणीतरी कुठूनतरी एक सीडी आणली, आठही यंत्रांवर विंडोज बसलं, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसांनी सहा यंत्रं झोपवली. मग खोलीला कुलूप. मग भंगारवाला.

इतकी वर्षं मी ही गोष्ट 'पेपरवाल्यांनी शाळा बुडवली' अशी सांगत आलो. पण या वेळी कात्रण हातात घेऊन बसलो तेव्हा वाटलं, एकदा नीट बघू या तरी, की ती बातमी नेमकी कशाची होती. हा लेख म्हणजे ते बघणं आहे. जरा लांबला आहे, सांभाळून घ्या.

बातमीच्या मुळाशी होती यूएस-सर्ट ही संस्था. संगणक-सुरक्षेवर लक्ष ठेवायला अमेरिकी सरकारने २००३ मध्ये ती काढली. २००५ संपताना तिने वर्षभरात नोंदलेल्या सुरक्षा-त्रुटींची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या फटींची, एक यादी प्रसिद्ध केली. एकूण ५१९८ नोंदी. तीन रकाने : विंडोज ८१२, युनिक्स/लिनक्स २३२८, आणि एकाहून जास्त प्रणालींवर असलेल्या २०५८. बेरीज करून बघा, बरोबर येते. मामांच्या पेपरनेच नव्हे, जगभरच्या कितीतरी ठिकाणी २३२८ ला ८१२ ने भागलं गेलं. उत्तर आलं जवळजवळ तीन. झाला मथळा तयार.

आता त्या रकान्यांत काय होतं ते पाहू.

पहिली गोष्ट, 'युनिक्स/लिनक्स' नावाची एक वस्तू बाजारात मिळत नाही. त्या रकान्यात सोलारिस होतं, एआयएक्स होतं, एचपी-यूएक्स होतं, बीएसडी मंडळी होती, ॲपलचं मॅक ओएस होतं, आणि लिनक्सची सगळी भावंडं होती. एका बाजूला एकच घर आणि दुसऱ्या बाजूला अख्खी आळी. दुसरी गोष्ट, रकान्याचं नाव प्रणालीचं असलं तरी आतल्या नोंदी नुसत्या प्रणालीच्या नव्हत्याच. त्यावर चालणाऱ्या, तिसऱ्याच कोणीतरी लिहिलेल्या प्रोग्रॅमांच्याही होत्या. हे विंडोजच्या रकान्यालाही लागू होतं. तिसरी गोष्ट सगळ्यात गमतीची. एखाद्या फटीबद्दल नवीन माहिती आली की तीच फट 'अपडेटेड' असा शेरा मारून पुन्हा यादीत येत असे. लिनक्सच्या जगात एकच दुरुस्ती रेडहॅट वेगळी कळवतं, डेबियन वेगळी, सूझे वेगळी. म्हणजे पुन्हा पुन्हा नोंद. आणि चौथं, कुठली फट किती मोठी याचा बेरजेत काहीच हिशोब नव्हता. उंदराचं बीळ एक, पडलेली भिंत एक, बेरीज दोन.

आणि मंडळी, हे सगळं लपवलेलंही नव्हतं. त्या यादीतच म्हटलं होतं, की नोंद ज्या प्रणालीवर कळवली गेली त्या रकान्यात ती टाकली आहे, याचा अर्थ ती फट फक्त तिथेच आहे असा नाही. ही ओळ मथळ्यात बसत नाही, म्हणून ती कात्रणातही नाही.

आम्हा वाशिमकरांना हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा असे आज त्याचे सहा तालुके. त्या एका रात्रीत अकोला जिल्ह्याचं क्षेत्र घटलं, लोकसंख्या घटली, कापूस घटला, तूर घटली, शाळा घटल्या. म्हणजे अकोल्यावर आभाळ कोसळलं का? एका शेतातलं एक झाडही हललं नव्हतं. फक्त वहीत रेघ मारली होती. इंग्रजांच्या काळात तर याच्या उलट झालं होतं. तेव्हा 'बासिम' हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ मध्ये मोडला आणि मोठा भाग अकोल्यात गेला. त्या वर्षी अकोला 'वाढला'. शंभर वर्षांत दोनदा रेघ हलली. ज्याने फक्त अकोल्याचे आकडे एकाखाली एक लिहिले, त्याला अकोल्याची भरभराट आणि घसरण दोन्ही दिसतील, आणि दोन्ही खोटी असतील.

ही रेघ संगणकांच्या यादीत २०१५ च्या फेब्रुवारीत पुन्हा हलली. जीएफआय नावाच्या कंपनीने २०१४ सालचे आकडे मांडले. सगळ्यात जास्त फटी ॲपलच्या ओएस एक्समध्ये, १४७. मग आयओएस १२७, मग लिनक्सचा गाभा ११९. विंडोज कुठे? विंडोज ७ च्या ३६, विंडोज ८ च्या ३६, सर्व्हर २००८ च्या ३८... ॲपलच्या सगळ्या आवृत्त्या मिळून एक ओळ, आणि विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीला वेगळी ओळ! म्हणजे इकडे अखंड अकोला आणि तिकडे एकेक तालुका. बरं, विंडोजच्या ओळींची बेरीज करावी म्हटलं तर तेही चूक, कारण एकच फट चार-पाच आवृत्त्यांत असते आणि ती चार-पाचदा मोजली जाते. म्हणजे तोडून ठेवलं तरी फसगत, जोडलं तरी फसगत. तरी मथळे आलेच : ॲपल सर्वात असुरक्षित.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. पुढच्या वर्षी, म्हणजे २०१५ च्या आकड्यांमध्ये, मॅक ओएस एक्स ३८४ फटींसह पुन्हा पहिला आला. पुण्याच्या मामेभावाने तेव्हा नुकताच कर्ज काढून मॅक घेतला होता आणि घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला 'याला व्हायरस लागतच नाही' असं ऐकवत होता. मी ती बातमी त्याला पाठवली. खाली हसणारे तीन चेहरे. यादी कशी बनते हे मला व्यवस्थित माहीत होतं. तरी पाठवली. कारण या वेळी आकडा माझ्या बाजूने होता ना!

त्याने दावा साधला २०२० मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीतले १९९९ ते २०१९ अशा वीस-एकवीस वर्षांचे आकडे एकत्र करून कोणीतरी क्रमवारी लावली. पहिला नंबर डेबियन लिनक्सचा, ३०६७ फटी. माझ्या घरच्या यंत्रावर डेबियन. मामेभावाने नुसता दुवा पाठवला, वर एक शब्द नाही. मग मी त्याला अर्धा तास समजावत बसलो, की बाबा रे, डेबियनबरोबर पन्नास हजारांहून जास्त पॅकेजं मिळतात. ब्राउझर, छायाचित्रांचे प्रोग्रॅम, डेटाबेस, खेळ, सगळं त्याच छताखाली. त्यातल्या कशातही फट निघाली की ती डेबियनच्या नावावर चढते. विंडोजवर तोच प्रोग्रॅम चालत असला तर ती विंडोजच्या नावावर चढत नाही. शिवाय डेबियनचे लोक प्रत्येक फट चव्हाट्यावर मांडतात. जो रोज घर झाडतो त्याच्याच घरातून जास्त केर निघतो, म्हणून त्याचं घर घाणेरडं का?

तो म्हणाला, "मग हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

काय बोलणार? गप्प बसलो.

आता मुळातच थोडं मागे जायला हवं. या सगळ्या क्रमवाऱ्या ज्या नोंदींवर उभ्या आहेत त्या सीव्हीई नावाच्या यादीतून येतात. ही यादी १९९९ च्या सप्टेंबरात मायटर या संस्थेने सुरू केली, तेव्हा तिच्यात ३२१ नोंदी होत्या. हेतू अगदी साधा होता. एकाच फटीला प्रत्येक कंपनी वेगळं नाव द्यायची, त्यामुळे दोन माणसं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत की वेगवेगळ्या हेच कळेना. म्हणून प्रत्येक फटीला एक सामाईक क्रमांक द्यायचा. म्हणजे आपल्याकडचा शेताचा गट नंबर म्हणा ना. गट नंबर कशासाठी, तर कुठल्या शेताबद्दल बोलतोय हे तलाठ्याला, बँकेला आणि भावकीला एकसारखं कळावं. कुणाच्या नावावर किती गट नंबर यावरून कुणी श्रीमंती ठरवत नाही. भावांत वाटणी झाली की सातबारे वाढतात, जमीन वाढत नाही.

पण ज्याला क्रमांक असतो ते मोजता येतं आणि मोजता येतं त्याची क्रमवारी लागते. २०१६ मध्ये सीव्हीईत साडेसहा हजारांच्या आसपास नोंदी झाल्या, २०१७ मध्ये साडेचौदा हजारांच्या वर. एका वर्षात जगभरचे प्रोग्रॅमर दुपटीने वाईट झाले? छे. क्रमांक देण्याचा अधिकार जास्त संस्थांना मिळाला, तुंबलेलं काम वाहतं झालं. २०२४ च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या गाभ्याचे लोक स्वतःच क्रमांक देऊ लागले. त्यांचं म्हणणं, गाभ्यातली जवळजवळ कुठलीही चूक सुरक्षेला बाधक ठरू शकते, तेव्हा सरळ क्रमांक देऊन मोकळं व्हा. झालं! त्यांच्या नावावर हजारोंनी नोंदी चढल्या. तलाठी बदलला की गावच्या नोंदी वाढतात, तसंच.

तुम्ही म्हणाल, संख्या सोडा, पण किती गंभीर याला तर गुण देतात ना? देतात. दहापैकी गुण देण्याची पद्धत २००५ पासून आहे. पण तिचीही गंमत बघा. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाची फट उघडकीला आली. जगातल्या असंख्य सर्व्हरांच्या स्मृतीतून पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या गळू शकत होत्या. सुरक्षेतल्या जाणत्या लोकांची झोप उडाली. तेव्हाच्या सूत्राप्रमाणे तिला गुण मिळाले दहापैकी ५.०. म्हणजे 'मध्यम'. सूत्राने काही चूक केली नव्हती. गुण फटीच्या रुंदीचे असतात. तिच्यामागे काय ठेवलं आहे आणि चोराला तिथवर यायची वाट आहे का, हे सूत्राला माहीत नसतं.

उलटं उदाहरण वॉनाक्रायचं. ती ज्या फटीतून शिरली तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिली होती. हल्ला झाला १२ मे ला. दोन महिने औषध घरात होतं, घेतलं नव्हतं. जूनमध्ये नॉटपेट्या आला. त्याच्या अनेक वाटांपैकी एक वाट हीच फट होती, आणि आपल्या न्हावाशेवाला जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं, ट्रकांच्या रांगा लागल्या. कुठल्या प्रणालीत वर्षाला किती फटी निघतात यापेक्षा निघालेली फट कोण बुजवतो आणि कधी, हा प्रश्न किती मोठा आहे ते त्या वर्षी दिसलं.

आणि इथेच मला मामांच्या शाळेची ती मीटिंग आठवली.

मी मामांना विचारलं, "त्या दिवशी नेमकं काय झालं होतं हो?" मामा आता निवृत्त आहेत, गुडघे दुखतात, पण स्मरण पक्कं. म्हणाले, "काय होनार राज्या? तू पुन्याले. एक कॉम्प्युटर बंद पडला तर पाह्यले गावात कोनी नाही. सरांले थे लिनक्स येत नव्हतं, साऱ्याइचा एमएससीआयटी विंडोजवर झालेला. साऱ्याइच्या मनात हेच होतं. पन बोलनार कोन? तू घरचा मानूस, फुकट आनून देल्लेला. मंग थो पेपर आला, आन् साऱ्याइले बोलाले कारन भेटलं."

एवढी वर्षं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा मी विचारलं नव्हतं.

म्हणजे खरा प्रश्न त्या मीटिंगमध्ये होता. अगदी रास्त प्रश्न : याची देखभाल कोण करणार? तो विचारला गेला असता तर कदाचित मी कुणाला तरी शिकवलं असतं. त्या नववीच्या मुलींनाच शिकवलं असतं. कारण खरं सांगायचं तर शाळेत इंटरनेट नव्हतं, आणि मी चढवलेलं लिनक्सही पहिल्या दिवसानंतर कोणी एकदाही अद्ययावत केलं नव्हतं. त्यातल्याही फटी तशाच उघड्या होत्या. विंडोज बसलं, तेही चोरीचं, त्याचीही देखभाल कोणी केली नाही आणि ते मेलं. कात्रणाने लिनक्स घालवलं, याचं मला इतकी वर्षं दुःख होतं. आता वाटतं, त्याने तो प्रश्न घालवला. 'कोणतं जास्त सुरक्षित' याचं आयतं उत्तर छापून आलं, मग 'कोण सांभाळणार' हे विचारायची गरजच उरली नाही. मलाही नाही. मी आपला मथळ्याशी भांडत बसलो.

अशा आयत्या उत्तरांची आपल्या जिल्ह्याला सवयच आहे म्हणा. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत वाशिमचं नाव आलं. राज्यातून गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि वाशिम. त्यांची दर महिन्याची जी 'डेल्टा' क्रमवारी असते ती जिल्हा किती पुढे आहे याची नसते, ठरावीक काळात किती हलला याची असते. तळातला जिल्हा एका महिन्यात उडी मारून पहिला येऊ शकतो. पण 'डेल्टा' हा शब्द चौकाच्या फलकापर्यंत येईतो गळून पडतो, उरतो तो नुसता नंबर. नंबर वर असला की सत्कार आणि खाली असला की मोर्चा.

असो. मामा आता कात्रणं काढत नाहीत. आता व्हॉट्सॲप आहे. त्याच संध्याकाळी त्यांनी मोबाइल पुढे केला : 'सरकारचा मोठा इशारा, कोट्यवधी क्रोम वापरणारे धोक्यात!' अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. यामागे असते सर्ट-इन, २००४ पासून काम करणारी आपली केंद्र सरकारची संस्था. ती फट निघाली की पत्रक काढते, गंभीरतेचा शेरा देते, कुठल्या आवृत्तीच्या आधीच्या आवृत्त्यांना धोका आहे ते सांगते, आणि शेवटी उपाय लिहिते. उपाय बहुतेक वेळा एकच असतो : अद्ययावत करा. बातमीत शेरा वर येतो आणि उपाय शेवटच्या ओळीत, वाचणारा तिथवर पोचला तर. मामांचा प्रश्न होता, "क्रोम काढून टाकू काय?"

म्हटलं, "काढू नका मामा, द्या इकडे." दोघांनी मिळून ते अपडेट लावलं. पुढच्या वेळी कुठे दाबायचं ते त्यांनी डायरीत लिहून घेतलं, तारीख घालून. हेडक्लार्क शेवटी.

मग कात्रण पुन्हा फाइलीत लावताना म्हणाले, "पन आकडा तर खरा होता ना बे थो?"

"हो मामा," मी म्हटलं. "आकडा खराच होता."